एक ठोका, दोन ठोके

या, जरा पुढं सरका. मागं भिंतीला टेकून बसलं की कीर्तन कानावर पडतं, आत उतरत नाही. गोष्टीचंही तसंच आहे. आज पुराणातली गोष्ट नाही सांगत. आमच्या वऱ्हाडातल्या मालेगावच्या अलीकडं, वाशिम रस्त्याला लागून एक गाव आहे, तिथली सांगतो. तीत एक टाळकरी आहे, त्याची लेक आहे, आणि इंग्रजीतला एक एवढासा 'इ' आहे. देवही आहे, पण तो शेवटपर्यंत काही बोलत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. मग म्हणू नका की सांगितलं नाही.

टाळकऱ्याचं नाव भागवत. वय चौसष्ट. दीड एकर बागाईत. त्यात मेथी, पालक, वांगी आणि सांबार. सांबार म्हणजे आमच्याकडं कोथिंबीर हो, दुसऱ्या मुलखातला पाहुणा उगाच ताटात वाटी शोधतो. सकाळी मालेगावच्या बाजारात जुड्या पोचवायच्या आणि आसपासच्या वीस-पंचवीस गावांत कुठं सप्ताह बसला की खांद्याला टाळांची पिशवी लावून निघायचं, हा भागवतचा जन्म. बुवांच्या मागं टाळकऱ्यांच्या रांगा उभ्या राहिल्या की उजवीकडून तिसरा तो. चाळीस वर्षांत त्याची मात्रा कधी चुकली नाही. मृदंग वाजवणारे माणिकराव म्हणजे त्याचे लहानपणापासूनचे सोबती. ते म्हणत, "भागवत, तू मेला तरी तुह्ये टाळ समेवर येऊनच थांबतीन, तोवर तिरडी उचलता येनार नाई आमाले."

आणि कान कसा! मृदंगाच्या डाव्या पुडीला कणीक लावतात. ती वाळायला लागली की आवाज बसतो. माणिकरावांना ते बोटाला कळायच्या आधी भागवतला पन्नास पावलांवरून कळायचं. लांबूनच ओरडायचा, "पानी लाव रे कणकेले!"

त्याची लेक साधना. मालेगावच्या एका खासगी दवाखान्यात अकरा वर्षं परिचारिका. लग्न झालं होतं. चार वर्षं नांदली, नाही जमलं, परत आली. का परत आली ते तिनं कुणाला सांगितलं नाही आणि भागवतनं विचारलं नाही. पण गावाचं तोंड कोण धरणार? हळदीकुंकवाला कुणी बोलावलं तर आधी विचारायचं, "आता माहेरीच का तू?" दवाखान्यात तर तिला नावच नव्हतं. "ए सिस्टर, सलाइन संपली." "ए सिस्टर, इकडं ये."

इंग्लंडातल्या कुठल्याशा इस्पितळाला परिचारिका पाहिजे होत्या. कागद सगळे झाले होते, अनुभव होता, बाकीच्या परीक्षा ती पास होती. अडलं होतं ते बोलण्याच्या परीक्षेत. वाशिमला संगणकासमोर बसायचं, कानाला तो हेडफोन लावायचा, समोर येईल ते इंग्रजी वाचायचं आणि मशीन गुण देणार. उच्चाराला साठ पाहिजेत. साधनाला अठ्ठावन्न मिळाले. आता एकच बारी उरली होती, कारण पस्तिशी उलटली की अर्ज घेत नाहीत, आणि पौषात तिला पस्तीस पूर्ण होत होती.

दसरा होऊन गेला होता. साधना ओट्यावर बसून फोनसमोर एकच घोकत होती.

"शिप. शीप. शिप. शीप."

फोनमधली बाई दर वेळी थंडपणे म्हणे, पुन्हा प्रयत्न करा.

आतून हौसाबाई, म्हणजे तिची आई, ओरडली, "कायचं शिप शिप लावलं वं? कोंबड्या हाकलून राह्यली का?"

"आई, एक जहाज आहे अन एक मेंढी आहे."

"मंग मेंढी बसव जहाजात अन जेवाले ये. भाकरी गार होऊन राह्यली."

भागवत बाजूला सांबाराच्या जुड्या बांधत होता. त्यानं विचारलं, "पोरी, दोन्हीत फरक काय?"

"एक शॉर्ट आहे, एक लाँग आहे, बाबा."

"म्हंजे?"

"एक आखूड, एक लांब. आपलं ऱ्हस्व-दीर्घ."

भागवतच्या हातातली जुडी हातातच राहिली. मग तो असा हसला की दात नसलेली जागासुद्धा उजळली. "ऱ्हस्व-दीर्घ? येवढंच? याच्यापायी दोन वर्षं रडून राह्यली तू? अवं, हे तं आपल्या घरचं काम आहे!"

उठला, खुंटीवरचे टाळ घेतले आणि मांडी घालून बसला. आठ वर्षांचा असताना त्याच्या गुरूनं त्याला 'हरी' म्हणायला शिकवलं होतं ते असं: 'ह'ला एक ठोका, 'री'ला दोन. 'ह' लांबवला की छडी, 'री' तोडला की दोन छड्या. तीच विद्या त्यानं लेकीपुढं मांडली. "ऱ्हस्वाले एक ठोका, दीर्घाले दोन. म्हन. शिप." टण. "शीप." टण, टण. "आता काय राह्यलं?"

साधना हसली. मग म्हणाली, "पन बाबा, व्हिडिओतली बाई जिभेचं काईतरी सांगते. जीभ कोठी ठेवाची, ओठ कसे धराचे..."

"जीभ जाते कोठी? मात्रा धरली का जीभ तिच्यामांगं येते. चाळीस वर्षांत मले कोनी इचारलं का, भागवत, तुही जीभ कोठी आहे म्हून?"

"नाई."

"मंग?"

साधनानं फोन पालथा ठेवला. एवढीशी गोष्ट, पण तुम्ही ध्यानात ठेवा. फोन पालथा ठेवला आणि ती बापाच्या टाळांसमोर बसली.

महिनाभर हे चाललं. सकाळी वाफ्यात सांबार उपटताना, सांजेला दिवाबत्तीच्या आधी. साधना म्हणायची, भागवत टाळ द्यायचा. फिल म्हणजे भर, एक ठोका; फील म्हणजे वाटणं, दोन ठोके. पुल, पूल. सिट, सीट. सारं गाव ऐकायचं. माणिकराव एकदा बिडी विझवून ओट्यावर बसले. त्यांनी विचारलं, "हे पिल-पील काय आहे वं?"

"पिल म्हंजे गोळी, काका. पील म्हंजे साल."

"आरं देवा! म्हंजे डाक्टर म्हननार गोळी दे, अन तू एक ठोका जास्त ऐकला तं इंग्रजाच्या तोंडात केळाची साल? मरन नं थो!"

"म्हून तं शिकून राह्यली, काका."

"शीक, शीक. भागवतच्या हाताखाली शिकली म्हंजे राणी बी तुह्यासमोर टाळ धरन."

भागवतला त्या महिन्यात जे सुख झालं ते त्याला कुठल्या काल्याच्या प्रसादात मिळालं नसेल. ज्या पोरीच्या दुःखात त्याला हात घालता आला नव्हता, तिच्या कामी त्याचे टाळ आले होते. देवापुढं उभा राहिला की तो मनात म्हणायचा, पांडुरंगा, चाळीस वर्षं तुझ्यासाठी वाजवले, हे थोडे लेकीसाठी वाजवतो, रागावू नको.

परीक्षेच्या दिवशी दोघं मोटारीनं वाशिमला गेले. माडीवर काचेच्या दारापलीकडं संगणकांची रांग. भागवत बाहेर बाकावर बसला. काचेतून साधनाची पाठ दिसत होती, आवाज येत नव्हता. पण तिचा डावा हात मांडीवर होता आणि बोट उठत होतं. एक. मग दोन. मग एक. भागवतनं ते पाहिलं आणि इकडं बाकावर बसल्या बसल्या त्याचंही बोट मांडीवर उठायला लागलं. अर्धा तास काचेच्या अलीकडून पलीकडं बापलेकीची साथ चालली होती. एकदाही तिचं बोट चुकलं नाही. बाहेर आल्यावर भागवतनं तिला विचारलंसुद्धा नाही. रसवंतीवर नेऊन उसाचा रस पाजला.

आठ दिवसांनी फोनवर निकाल आला. साधना चुलीपाशी होती. तिनं तो वाचला आणि तवा उतरवला.

"थोडक्यात गेलं, बाबा."

"किती थोडक्यात?"

"थोडक्यात."

हौसाबाईनं पदर तोंडाला लावला. भागवत म्हणाला, "मशीन आहे, तिले काय समजते? ठोके तं बरोबर होते. म्या सोता पाह्यलं." साधना "हाव" म्हणाली आणि पुढची भाकर थापायला घेतली. भागवतनं त्या रात्री तिला धीर दिला, हौसाबाईला धीर दिला आणि मशीनला चार शिव्या दिल्या. स्वतःला काही म्हणायचं आहे, हे त्याला अजून माहीत नव्हतं.

मार्गशीर्षात गावात सप्ताह बसला. शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन झालं. काय कीर्तन झालं, बाप्पा! बुवांनी गोकुळ असं उभं केलं की बायांनी डोळे पुसले. दहीहंडी फुटली, गूळ-लाह्यांचा काला वाटला आणि दुपारी मांडवात पंगती बसल्या. रूपाली आली होती. ती साधनाची शाळेपासूनची मैत्रीण, रिठदच्या शाळेत इंग्रजी शिकवते. पोरगी मनानं साफ, तोंडानं फटकळ. ती भागवतच्या शेजारी पत्रावळीवर बसली. पलीकडं माणिकराव. साधना बुंदी वाढत होती, ती अजून लांबच्या रांगेत होती.

"काका, मले एक गोष्ट नाई समजली," रूपाली म्हणाली. "मागच्या बारीले अठ्ठावन्न होते. या बारीले एकदम एकोनपन्नास कसे?"

भागवतनं घास परत पत्रावळीवर ठेवला. "एकोनपन्नास?"

"तुमाले नाई सांगितलं का? म्या तिले फोनवर तेच शब्द म्हनाले लावले. ऐकून डोक्शाले हात मारला म्या. सीट असं म्हनते, सीऽऽट! चीप, चीऽऽप! अन शिप म्हनते तं जसं कोनी सुरीनं कापलं. अवो काका, इंग्रज सीट पटकन म्हनून मोकळे होतात. अन बॅडमधल्या 'ॲ'ले शॉर्ट म्हनतात, थो तं खुशाल लांबवतात. हे शॉर्ट अन लाँग नुसते नावापुरते आहेत. खरा फरक जिभेच्या जागेत आहे, ओठात आहे. जीभ तीच ठेवून नुसतं मोजलं तं होईन कसं? पह्यले बिचारी आपल्या मनानं बोलत होती तं दोनच गुन कमी पडले होते. आता कोन्या बह्याडानं तिले मोजून बोलाले शिकवलं, काय मालूम!"

माणिकराव वरण कालवायला लागले. त्यांनी भागवतकडं पाहिलं नाही. भला माणूस, म्हणून पाहिलं नाही.

तेवढ्यात साधना बुंदीची परात घेऊन समोर आली. शेवटचं वाक्य तिच्या कानावर पडलं होतं.

"कोनी नाई शिकवलं," ती म्हणाली. "माह्यं मीच. बाबा, घ्या नं बुंदी." आणि नको म्हणायच्या आत तिनं दोन मुठी त्याच्या पत्रावळीवर टाकल्या.

भागवतनं बुंदीचा एकेक दाणा खाल्ला. प्रसाद टाकता येत नाही.

सोमवारी कुणाला न सांगता तो वाशिमला गेला. खांद्याला टाळांची पिशवी. माडीवर संगणकांच्या खोलीत पवन नावाचा माणूस काम पाही. दोन लेकरांचा बाप, शांत स्वभावाचा. भागवतनं त्याला रामकृष्णहरी केलं आणि म्हणाला, "मले मशीनले एक गोष्ट सांगाची आहे."

"काय सांगाचं, काका?"

"का चूक पोरीची नोहोती. शिकवनारा चुकला. म्या टाळावर शिकवलं तिले." त्यानं पिशवीतून टाळ काढून मेजावर ठेवले. पुरावाच आणला होता. "नापास कराचं तं मले करा. तिची बारी तिले वापस द्या."

पवन हसला नाही. म्हणाला, "काका, मशीनले फक्त समोर लिहिलेलं वाचलं तेवढंच ऐकू येते. मानसाचं म्हननं ऐकाची तिच्यात सोय नाई."

"मंग मशीनच्या वर कोन आहे?"

"वर एक ईमेल आहे."

"अन त्याच्या वर?"

पवन म्हणाला, "आजवर दहा-बारा जनांचे अर्ज म्या सोता पाठवले. तिकून एकच ओळ येते, आपला संदेश मिळाला. येवढंच."

"येवढं तरी येते," भागवत म्हणाला. "आमच्यावाला तं तेवढंबी म्हनत नाई."

तरी पवननं मेल लिहिला. भागवत सांगत गेला तसं त्यानं इंग्रजीत उतरवलं. टाळाला इंग्रजीत काय म्हणायचं यावर दोघं जरा अडले. पाठवला. दोन मिनिटांत उत्तर आलं. संदेश मिळाला.

भागवत उठेना. मग म्हणाला, "मले ऐकू द्या थे. खरं कसं असते थे तं ऐकू द्या एक डाव."

पवननं त्याची टोपी हळूच काढून बाजूला ठेवली, कानाला हेडफोन लावला आणि सरावाचे शब्द सुरू केले. ना टाळ, ना मृदंग, एक गोरा आवाज. शिप. शीप. भागवतनं डोळे मिटले. कीर्तनात मिटायचा तसे.

"पुन्हा लावा."

शिप. शीप.

"पुन्हा."

कणीक वाळल्याचं पन्नास पावलांवरून ओळखणारा तो कान. भिंतीपलीकडचे टाळ पितळेचे की काशाचे ते सांगणारा तो कान. अकरा वेळा ऐकलं. बाराव्या वेळी त्यानं सवयीनं बोटानं मोजलं तेव्हा एक आखूड आणि एक जरासा लांब, एवढंच हाती आलं. जीभ कुठं, ओठ कुठं, त्या आवाजात त्याला काही दिसेना. त्यानं कानावरचं काढलं, टोपी घातली, टाळ पिशवीत भरले. पवन जिन्यापर्यंत आला. "काका, हळू उतरा," एवढंच त्याला सुचलं.

घरी पोचला तेव्हा ऊन कललं होतं. साधना वाफ्याच्या बांधावर बसून सांबार बांधत होती. भागवत तिच्यासमोर बसला.

"म्या वाशिमले गेलतो."

तिनं पिशवीकडं पाहिलं. सगळं समजली. "कायले गेले, बाबा?"

"थ्या पवननं मले ऐकवलं. बारा बार ऐकलं." त्यानं पिशवी खांद्यावरून खाली ठेवली. "पोरी, मले नाई ऐकू आला फरक. अजून बी नाई आला. मले माहीत नोहोतं अन म्या तुले शिकवलं. व्हिडिओतली बाई सांगत होती, म्या तिले बी चूप केलं."

साधना जुडीला सुतळी गुंडाळत होती. दोन वेढे, एक गाठ.

"मले तरी कोठी येत होता, बाबा? येत असता तं मले अठ्ठावन्न काहून भेटले असते?" तिनं पुढची जुडी उचलली. "मले नाई ऐकू येत म्हून तं तुमच्या कानावर भरोसा ठेवला."

तिनं हे रागानं म्हटलं असतं तर भागवतला बरं वाटलं असतं. तिनं ते प्रेमानं म्हटलं.

"मंग आता?" त्यानं विचारलं.

"आता सांबार बांधा. ऊन चाललं."

त्यानं पेंढी ओढली आणि बांधायला लागला. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं, मंडळी. असतं तर त्यानं केलं असतं. डोंगर उपटायचा असता तर पोहरादेवीच्या देवळापर्यंत पाठीवर नेला असता. पण जिभेच्या आत, दातांच्या मागं, जवाच्या दाण्याएवढी एक जागा बदलायची होती, आणि ती त्याला सापडत नव्हती.

त्या संध्याकाळी देवळात नेहमीचं भजन होतं. भागवत जायचं नाही म्हणत होता. माणिकराव दाराशी येऊन उभे राहिले. "चाल. म्या कणीक भिजवली आहे. तू नाई आला तं चांगली का खराब, मले कोन सांगन?" त्याला घेऊन गेले. भजन लागलं. 'हरी' आलं. 'ह'ला भागवतनं एक ठोका दिला. 'री'चा पहिला दिला. दुसऱ्याला हात उठला आणि हवेतच राहिला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा ती मात्रा रिकामी गेली. माणिकरावांची थाप अडखळली. सगळ्यांनी माना वळवल्या.

पुन्हा 'हरी' आलं. पुन्हा हात हवेत. आणि तेवढ्यात बायांच्या बाजूनं एक टाळी पडली, नेमकी त्या रिकाम्या जागेवर. साधना होती. मान खाली, डोळे मिटलेले. पुढच्या 'री'ला पुन्हा तिची टाळी. भजन संपेपर्यंत पहिला ठोका बापाचा आणि दुसरा लेकीचा, असंच चाललं. मात्रा एकही चुकली नाही. चुकणार कशी? चांगलीच शिकली होती ती.

पौषात साधनाला पस्तीस पूर्ण झाली. हौसाबाईनं शिरा केला. वाशिमहून दुसरं उत्तर आलं नाही. ती आता सकाळी साडेसातच्या मोटारीनं मालेगावला जाते. भागवत फाट्यापर्यंत तिचा डबा घेऊन सोबत जातो. पूर्वी जात नसे. मोटार हलली की तो हात वर करतो आणि तसाच उभा राहतो.

तर मंडळी, माझं एक मागणं आहे. मालेगावच्या दवाखान्यात कधी जाणं झालं आणि सलाइन संपली, तर तिला "ए सिस्टर" म्हणू नका. तिचं नाव साधना आहे. शेवटी 'ना' आहे, दीर्घ. दोन ठोक्यांचा. पूर्ण म्हणा, आणि एवढी तिची आठवण ठेवा.